सनद नसलेली वकील

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण बारावीपर्यंत अकोल्याला कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर माझी रूममेट आधी पोटभर हसली आणि मग ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसली. काही चुका राहिल्याच असतील तर त्या तिच्या!

विषय एका वकील बाईंचा आहे. इंजिनिअरिंगच्या मासिकात वकील कशाला, असं वाटेल. पण ही बाई मला पुस्तकात नाही, आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात भेटली. म्हणून सुरुवात आजीपासून.

आमचं गाव अकोला-मूर्तिजापूरच्या मधलं. आजोबांच्या नावावर सात एकर शेत होतं. आजोबा गेल्यावर वर्षभरात सातबारा काढला तर त्यावर आजीचं नावच नाही. फेरफार बघितला तर आजीनं आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र निघालं, खाली तिचा अंगठा. आजी म्हणे, मी तर पीककर्जाच्या कागदावर अंगठा दिला होता, त्यासाठीच तर तालुक्याला नेलं होतं मले. कोणी नेलं ते इथे लिहीत नाही, घरातलंच माणूस आहे.

बाबांनी एका वकिलांना घरी आणलं. चांगले वयस्कर, अनुभवी वकील. पण आजी पदर ओढून दाराआड उभी. त्यांनी काहीही विचारलं की एकच उत्तर, हो, तुम्ही म्हणता तसंच. वकीलसाहेब वैतागले. त्यांच्यासोबत एक ज्युनिअर होती, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. ती पाणी मागायच्या निमित्ताने आत गेली आणि आजीजवळ फरशीवर बसून सुपातली तूर निवडू लागली. अर्ध्या तासात आजीनं सगळं सांगितलं. कोणता वार होता, कोणी गाडीत बसवलं, कागद वाचून दाखवला का, सगळं. नंतर तिला मी विचारलं की आता काय होणार. ती म्हणाली की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून कोर्टांचा एक नियम आहे. पडद्यातल्या बाईनं सही-अंगठा केलेला कागद असेल, तर तो तिला नीट समजावून सांगितला होता हे ज्याला त्या कागदाचा फायदा झाला त्यानंच सिद्ध करायचं. पुढे कोर्टांनी हाच आधार निरक्षर, म्हाताऱ्या बायकांनाही दिला. आमची आजी काही पडद्यात राहत नाही, शेतात निंदण करते. पण तो नियम तिच्या कामाचा होता. आणि जाता जाता वकीलताई म्हणाली, कॉर्नेलिया सोराबजी माहीत आहे का तुला? वाच कधीतरी.

मला फक्त नाव माहीत होतं. २०१७ मध्ये १५ नोव्हेंबरला गुगलनं तिचं डूडल केलं होतं, तेव्हा शाळेत टीचरनी दाखवलं होतं. भारतातली पहिली महिला वकील, जीकेच्या पुस्तकातली एक ओळ. त्या ओळीच्या मागे काय आहे ते वाचायला मला या वर्षीची दिवाळीची सुटी लागली.

(आदरार्थी बहुवचन वापरायला हवं हे मला कळतं. पण महिनाभर एखाद्या बाईच्या मागे लागल्यावर ती तीच होऊन जाते. मोठ्यांनी माफ करावं.)

कॉर्नेलियाचा जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना, तिला एका इंग्रज जोडप्यानं वाढवलेलं. घरात एक भाऊ आणि बाकी सगळ्या बहिणी. बालपण बेळगाव आणि पुण्यात गेलं. आईनं पुण्यात शाळा काढल्या, त्यात निरनिराळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकायची. बहिणीही काही कमी नव्हत्या. सुझी शिक्षिका झाली, तिनं काढलेली पुण्यातली सेंट हेलेनाज शाळा पुष्कळांना ठाऊक असेल. अॅलिस डॉक्टर झाली आणि पार सरहद्दीवरच्या बन्नूला जाऊन राहिली. म्हणजे पारशी, ख्रिस्ती, इंग्रजी वळणाचं, मराठी मुलखातलं असं चारी बाजूंचं घर. कोणत्याच एका चौकटीत न बसणारं. कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी, घरी वऱ्हाडी आणि हॉस्टेलवर हिंदी बोलणाऱ्या मला हे जरा जवळचं वाटलं.

वकील व्हावं हे तिच्या मनात कुठून आलं याचा प्रसंग तिनं आपल्या 'इंडिया कॉलिंग' या आत्मचरित्रात सांगितला आहे. ती लहान असताना एक श्रीमंत गुजराती बाई तिच्या आईकडे रडत आली. बाईची इस्टेट मोठी, पण कारभार विश्वासातल्या माणसाच्या हाती. त्यानं कोऱ्या कागदावर सही घेऊन तिला लुबाडलं होतं. आईनं मुलीला सांगितलं की अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिक. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. कोरा कागद काय आणि पीककर्जाचा कागद काय!

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती पहिली विद्यार्थिनी. सगळी मुलं आणि ही एकटी. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात साठात सहा मुली आहोत, तरी प्रॅक्टिकलला स्पॅनर हातात घेतला की मागून कोणीतरी खाकरतं. ती तर एकच होती आणि तेही १८८५ च्या आसपास. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यातच वारल्या, तो हा काळ. रखमाबाईंवर नवऱ्याने लावलेला खटला मुंबईच्या हायकोर्टात चालू होता तोही हाच काळ. म्हणजे बाई कोर्टात होती, पण आरोपी, प्रतिवादी, नाहीतर साक्षीदार म्हणून. काळा कोट घालून नव्हे.

बीएला ती पहिल्या वर्गात आली. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर. त्या निकालावर विलायतेला शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. मिळाली नाही. कारण? ती मुलगी होती. नियम करणाऱ्यांनी कधी मुलगी पहिली येईल असा विचारच केला नव्हता. मग ती अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेली. वय एकवीस-बावीस, समोर सगळे विद्यार्थी मुलगे. तिकडे इंग्लंडमधल्या काही लोकांनी तिच्यासाठी वर्गणी गोळा केली, देणाऱ्यांमध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल होत्या. त्या पैशांवर १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला सोमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली.

ऑक्सफर्डमध्ये बेंजामिन जॉवेट नावाचे मोठे प्राध्यापक तिच्या पाठीशी होते. ऑल सोल्सच्या कॉड्रिंग्टन लायब्ररीत बसून वाचायची परवानगी मिळालेली ती पहिली बाई. पण १८९२ मध्ये बीसीएल या कायद्याच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा पेच उभा राहिला. बाईचा पेपर मी तपासणार नाही, असं परीक्षकच म्हणाले. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला आणि तिनं मुलांच्या सोबत एकाच हॉलमध्ये बसून पेपर दिले. जगात कोणत्याही बाईनं ती परीक्षा तोवर दिली नव्हती. निकाल : थर्ड क्लास.

हो, थर्ड क्लास. बॅकलॉगवाल्या मंडळींनी नोंद घ्यावी. ती स्वतः यावर फार खट्टू झाली होती. पण खरी गंमत पुढे आहे. पास होऊनही ऑक्सफर्डनं तिला पदवी दिलीच नाही, कारण बायकांना पदवी द्यायची पद्धत नव्हती. ती पदवी तिला १९२२ मध्ये मिळाली. तीस वर्षांनी! आपण मार्कशीट पंधरा दिवस उशिरा आली तर ऑफिससमोर गर्दी करतो.

१८९३ मध्ये ती परत आली, आणि इथून पुढची तीस वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. जीकेच्या पुस्तकात तीच नाहीत. वकिलीचं शिक्षण होतं, काम करायची इच्छा होती, पक्षकार तर वाट बघत होते. फक्त सनद नव्हती. सनद म्हणजे कोर्टात उभं राहायचा परवाना. तो नसेल तर तुम्हाला कितीही कायदा येत असो, तुम्ही बाहेरचे.

मग तिनं काय केलं, तर जिथे फट दिसेल तिथून शिरली. काठेवाडच्या आणि इंदूरकडच्या संस्थानांमध्ये इंग्रज एजंटांसमोर पडद्यातल्या बायकांची बाजू मांडायची परवानगी मिळवली. फौजदारी कायद्यात एक सोय होती, की कोर्टानं परवानगी दिली तर वकील नसलेली व्यक्तीसुद्धा आरोपीच्या वतीनं उभी राहू शकते. त्या सोयीवर बोट ठेवून १८९६ मध्ये ती पुण्याच्या सेशन्स कोर्टात खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभी राहिली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोर्टात एखादी बाई बचाव करते आहे हे पहिल्यांदा घडलं, आणि ते आपल्या पुण्यात घडलं.

एक किस्सा मात्र सांगायलाच हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नुसत्या तारखा सांगते. पंचमहालातल्या एका छोट्या राजाच्या दरबारात तिच्याकडे हत्तीची केस आली. हत्तीच्या चाऱ्यासाठी दिलेलं रान राजानंच काढून घेतलेलं, म्हणजे पक्षकार हत्ती, प्रतिवादी राजा आणि न्यायाधीशही राजाच! ती बाजू मांडायला उभी राहण्याआधीच राजानं निकाल तिच्यासारखा देऊन टाकला. का, तर त्याच्या कुत्र्याला ही बाई आवडली होती म्हणून. तिनं हे आत्मचरित्रात मजेत लिहिलं आहे. मला हसू आलं, मग वाईटही वाटलं. एवढं शिकून आलेल्या बाईला युक्तिवाद करून केस जिंकायची होती, कुत्र्याच्या मर्जीवर नव्हे.

सनदेसाठी तिनं आणखी परीक्षा दिल्या. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. दोन्ही पास. अलाहाबादच्या न्यायमूर्तींनी नाव नोंदवायला नकार दिला. परीक्षेला बसू देतात, पास करतात, आणि मग म्हणतात की तू बाई आहेस. अरे, हे फॉर्म भरताना दिसलं नव्हतं का?

आता पडदानशीन बायकांचं सांगते, कारण तिचं सगळं आयुष्य त्यांच्यात गेलं. बंगाल-बिहारकडच्या मोठ्या जमीनदार घरांतल्या बायका परपुरुषासमोर येत नसत. नवरा मेला की लाखोंची इस्टेट नावावर, पण हिशेब दिवाण बघणार, कागद दीर आणणार, वकिलाशी बोलायचं तर पडद्याआडून आणि तेही मध्ये कोणी निरोप्या. निरोप्यानं काय सांगितलं ते देवाला ठाऊक. न्यायाधीशांना हे कळत होतं. म्हणूनच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो नियम घालून दिला होता, जो वकीलताईनं आम्हाला सांगितला. पण नियम असून काय उपयोग? बाईला कागद खरंच समजला होता का हे तिला जाऊन विचारणार कोण? पुरुष वकील पडद्याआड जाऊ शकत नव्हता. आणि बाई वकील होऊ शकत नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर मशीन तयार, पण स्विचपर्यंत कोणाचा हातच पोहोचत नाही.

हेच ती सरकारला सांगत राहिली. अर्ज केले, लेख लिहिले, विलायतेतल्या ओळखी वापरल्या. १९०४ मध्ये सरकारनं तिला बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे नेमलं. वारस लहान असेल किंवा मालक बाई असेल तर अशा इस्टेटींचा कारभार हे सरकारी खातं पाहायचं. तिचं पद काय, तर लेडी असिस्टंट. वकील नाही, सल्लागार नाही, असिस्टंट! पुढे बंगालसोबत बिहार, ओरिसा, आसाम एवढा मुलूख तिच्याकडे आला. पालखी, होडी, हत्ती, आगगाडी, मिळेल त्या वाहनानं ती हिंडायची. नागपूरमार्गे कलकत्त्याला जाणारी गाडी तेव्हाही आपल्या अकोला-बडनेऱ्यावरूनच जायची. बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभी असले की मला उगाच वाटतं, त्या गाडीच्या एखाद्या खिडकीत ती फायली मांडीवर घेऊन बसली असेल.

वीस वर्षांत सहाशेहून जास्त बायका आणि अनाथ मुलांची कामं तिनं पाहिली. काम म्हणजे नुसतं कायद्याचं नव्हे. जनानखान्यात जाऊन जमिनीवर बसायचं, त्यांची आजारपणं, सोवळं-ओवळं, सासू-सुनेची भांडणं ऐकायची, आणि त्यातून हळूच विचारायचं की तो कागद कोणी आणला होता. लहान वारसाच्या शिक्षणाची सोय करायची. थकलेला पोटगीचा पैसा मिळवून द्यायचा. यातल्या कशासाठीही तिला कोर्टात उभं राहायची मुभा नव्हती. १९०९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक दिलं. पदक मिळालं, सनद नाही!

दरम्यान दुसऱ्या मुलीही दार ठोठावत होत्या. १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं रेजिना गुहा यांना नाकारलं, १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांना. कायद्यात वकिलासाठी व्यक्ती असा शब्द होता, पण त्या शब्दात बाई येत नाही असा त्याचा अर्थ लावला गेला. अलाहाबादनं मात्र १९२१ मध्येच कॉर्नेलियाचं नाव नोंदवून घेतलं. ज्या कोर्टानं १८९९ मध्ये नाही म्हटलं त्याच कोर्टानं. मग १९२३ मध्ये महिला वकिलांचा कायदा झाला आणि देशभरची आडकाठी संपली. त्याच वर्षी ती लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाली आणि मिठन टाटा ही तरुण मुलगीही. मिठन मुंबई हायकोर्टात आली, तिथली पहिली महिला बॅरिस्टर. तिचं लग्नानंतरचं नाव मिठन लाम. तिच्या आईनं, हेराबाईंनी, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी काम केलं होतं. त्यांच्यावर कोणीतरी वेगळा लेख लिहावा.

कॉर्नेलिया १९२४ पासून कलकत्त्यात प्रॅक्टिस करू लागली. आता सगळं होतं, गाऊन, सनद, पदवी. वयही सत्तावन्न होतं. कोर्टात युक्तिवादाची कामं फारशी आलीच नाहीत, टेबलावर बसून केसेसवर मत लिहून द्यायचं काम मिळत राहिलं. १९२९ मध्ये तिनं प्रॅक्टिस सोडली आणि लंडनला जाऊन राहिली.

इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता. पण पुढचं लपवणं बरोबर नाही. ती इंग्रजी राज्याची कट्टर पाठीराखी होती. स्वराज्य नको म्हणायची. गांधीजींच्या चळवळीविरुद्ध लिहिलं, अमेरिकेत जाऊन व्याख्यानं दिली. १९२७ मध्ये कॅथरीन मेयोनं 'मदर इंडिया' या पुस्तकात आपल्या देशाची बदनामी केली, सगळा देश खवळला, आणि ही बाई मेयोच्या बाजूनं बोलली. तेव्हाच्या भारतातल्या शिकल्या-सवरल्या बायकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. स्वातंत्र्यानंतर तिचं नाव मागे पडलं त्याचं हे मोठं कारण आहे.

हॉस्टेलवर यावरून आमचं रात्री एक वाजेपर्यंत भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली की अशा बाईवर लेख लिहूच नकोस, त्यापेक्षा २०२५ मध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले त्यांच्यावर लिही. विषय चांगलाच आहे. पण मासिकात जे गेले त्यांचीच चरित्रं मागितली होती. आणि खरं सांगायचं तर मला तिचा राग येतो तरी ती सोडवत नाही. तिच्या राजकारणाचं मी समर्थन करत नाही. मला इतकंच दिसतं की ज्या जनानखान्यांत ती वीस वर्षं बसली, तिथे चळवळीतलं कोणी फारसं पोहोचलं नव्हतं. तिला वाटायचं की आधी बाईला वाचता येऊ दे, मग सभा घ्या. आणि चळवळीत पडलेल्या बायकांचं म्हणणं की राज्य आपलं झाल्याशिवाय वाचायला शिकवणार कोण. मला दुसरी बाजू बरोबर वाटते. पण अंगठा देताना आजीला कागद वाचता येत नव्हता, हे स्वातंत्र्याच्या पाऊणशे वर्षांनंतरचं आहे.

६ जुलै १९५४ ला ती लंडनमध्ये वारली. दृष्टी तर आधीच गेलेली. तिच्यामागे दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, हिंदू वारसा कायदा आला आणि विधवेला मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळाली. मुंबई हायकोर्टात पहिली महिला न्यायमूर्ती १९७८ मध्ये आली, सुजाता मनोहर. सुप्रीम कोर्टात १९८९ मध्ये, फातिमा बीवी. लिंकन्स इनमध्ये कॉर्नेलियाचा अर्धपुतळा बसला तो २०१२ मध्ये.

दिवाळीत हे सगळं मी आजीला वऱ्हाडीत सांगितलं. हत्तीची गोष्ट तिला दोनदा ऐकायची होती. मग तिनं विचारलं, त्या बाईले कागद कधी भेटला? सनद म्हणायचं होतं तिला. मी म्हटलं, चोपन्नाव्या वर्षी. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की लिहाले शिकव मले, निदान नाव तरी. चार दिवसांत पाटीवर नाव यायला लागलं, फक्त 'इ'ची वेलांटी कोणत्या बाजूला द्यायची ते अजून चुकतं. (माझंही चुकतं, रूममेटला विचारा.)

पुढची तारीख शुक्रवारी आहे. त्याच दिवशी आमचं सबमिशन आहे. सरांना विचारून झालंय, मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला चालले आहे. आजीला साक्षीच्या कागदावर सही करायची आहे आणि पाटी मी हॉस्टेलवरून नवीन घेऊन जाणार आहे, जुनी फुटली.